ठिपक्यांची मुशी

मालवणच्या बंदरावर मी बत्तीस वर्षे मासळीचा लिलाव पुकारला, सोळा वर्षे मच्छीमार महिलांच्या सोसायटीची अध्यक्ष होते, आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत एकदाही समुद्रात गेले नव्हते. आमच्या समाजात बाई मासेमारीच्या बोटीवर चढत नसे. बोट पाण्यात असेपर्यंत ती चालवणाऱ्या तांडेलाच्या ताब्यात. तिथे मालकाचाही शब्द चालत नाही. बोट किनाऱ्याला लागली की मासळी आमच्या ताब्यात. हा नियम मी स्वतः पाळला आणि दोन्ही सुनांना पाळायला लावला. त्यामुळे या जून महिन्यात कतारच्या समुद्रात जाण्याचा हट्ट मीच धरला, तेव्हा माझा मोठा मुलगा गजेंद्र माझ्याकडे नुसता पाहत राहिला.

गजेंद्र हमद पोर्टमध्ये कंटेनर हाताळणीच्या कामावर सुपरवायझर आहे आणि अल थुमामाला राहतो; एप्रिलपासून मी त्याच्याकडेच होते. त्याची मुलगी ज्ञानदा समुद्री जिवांचे सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत काम करते. उन्हाळ्यात दूर समुद्रात, तेलविहिरींच्या अलीकडे, व्हेल शार्क नावाच्या प्रचंड माशांचा मेळा जमतो. त्यांची मोजणी करायला या मुलांची बोट जाते. एके दिवशी जेवताना ज्ञानदाने मला फोनवर त्या माशाचे चित्रीकरण दाखवले. काळसर पाठ, तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, आणि शेजारी पोहणारा माणूस बोटाएवढा. माझा घास हातातच राहिला.

हा मासा मला माहीत होता. पाहिलेला नव्हता, ऐकलेला होता. आमच्याकडे शार्कला मुशी म्हणतात.

एकोणीसशे नव्वदच्या मार्च महिन्यात आमचे यजमान सकाळी ट्रॉलर घेऊन परतले. त्या दिवशी मासळी फारशी नव्हती. मी टोपल्या मांडून उभी होते, गिऱ्हाईक खोळंबले होते. हे वाळूवर उतरले आणि थेट माझ्याकडे येऊन म्हणाले, "केसर, आज ठिपक्यांची मुशी बघितली. आपल्या ट्रॉलरएवढी. बोटीला घासून गेली, पण काही केलं नाही." मी सगळ्या बंदरासमोर म्हटले, "मासळी नाही मिळाली म्हणून गोष्टी आणल्या का? की रात्री जास्त झाली होती?" मी हसले, मग बंदर हसले. यजमान दारूला शिवत नसत, हे तिथे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तर हसू अधिक आले.

त्यानंतर पुढची सव्वीस वर्षे त्यांनी मला समुद्रातली एकही गोष्ट सांगितली नाही. वारा, डिझेल, जाळ्यांची दुरुस्ती एवढेच बोलणे होई. ते गेले त्याला आता नऊ वर्षे झाली. माणूस खरे बोलत होता हे मला एका फोनच्या पडद्यावरून कळावे, हे मला मान्य नव्हते. तो मासा माझ्या डोळ्यांनी पाहणे मला भाग होते.

"आई, तुझं ब्लड प्रेशर," गजेंद्र म्हणाला.

"ते माझं आहे. मी सांभाळीन."

"दोन तास आत जावं लागतं. ऊन बघ बाहेर."

"बत्तीस वर्षं मी उन्हातच उभी होते. तू सावलीत शिकलास."

सून सुनीती स्वयंपाकघरात हसली, ते मी ऐकले. ज्ञानदाने मध्येच सांगून टाकले की त्यांच्या बोटीला एक पिंजरा आहे. ज्याला पोहता येत नाही त्याने त्यात उभे राहायचे, दांडीला धरायचे आणि काच लावून, श्वासाची नळी दातांत धरून तोंड पाण्यात घालायचे. दक्षिण आफ्रिकेत लोक असे पिंजऱ्यात उतरून दात विचकणारे पांढरे शार्क पाहतात. इथला मासा गरीब, तो पाण्यातली अंडी आणि बारीक जीव गाळून खातो.

"मग पिंजरा कशाला?" मी विचारले.

"ते बोटीवरच्या रियाज अंकलना विचार. पिंजरा त्यांचाच."

पुढच्या रविवारी माझे परतीचे विमान होते. त्याआधी बोट जायची होती ती एकदाच, शुक्रवारी. कंपनीने परवानगी दिली; डॉक्टरांनीही दिली, कारण त्यांना मी प्रश्न विचारायला वेळ ठेवला नाही. मी सोबत येणार असेन तरच तुला सोडतो, असे गजेंद्र म्हणाला. सुनीतीने माझ्यासाठी इथल्या बायका पोहताना घालतात तो मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा पोशाख आणला. नऊवारीची ऐट त्याला नव्हती, परंतु सभ्य होता. मी तो साडीखाली घालून पाहिला आणि मंजूर केला.

शुक्रवारी पहाटे निघालो. उम्म सलाल मोहम्मद हे गाव मागे पडल्यावर रस्ता सरळ उत्तरेला जातो. दोन्ही बाजूंना सपाट, फिकट जमीन. देशाच्या टोकाला रुवैसचे बंदर आहे. गाडीतून उतरले आणि वास आला. सुकी जाळी, डिझेल, माशाचे पाणी. गेले दोन महिने त्या थंडगार घरात मला नीट श्वास घेता येत नव्हता, हे तेव्हा समजले.

मी पिशवीतून नारळ काढला. पहिल्यांदा समुद्रात जायचे तर समुद्राला नारळ दिलाच पाहिजे.

"आई, इथे नको," गजेंद्र खालच्या आवाजात म्हणाला. "तटरक्षक दलाचे लोक कागद तपासतायत. आत ठेव तो."

मी ठेवला. परक्या मुलखात मुलाची नोकरी असते, एवढे मला समजते.

बोटीवर रियाज उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, रापलेला, गळ्यात चष्म्याची दोरी. मी हिंदीत सुरुवात केली, तर तो हसला.

"मावशी, मी जैतापूरचो. तुमी मालवणच्या ना? तुमची मुशी खावक माझो बापूस होडी घेऊन येय."

परदेशात आल्यापासून माझ्याशी इतके सरळ कोणी बोलले नव्हते. मी त्याला विचारले, बोटीवर तांडेल कोण?

"मीच. हय दुसरो कोण असतलो?"

"बरं. आणि हा पिंजरा? मासा गरीब आहे म्हणतात."

"मासो गरीबच असा. पिंजरो माशासाठी नाय, माणसांसाठी. माणसां हात लावूक जातत." मग त्याने इंजिन सुरू केले आणि ज्ञानदाला ओरडून सांगितले, "यल्ला, चल, दोरी सोड."

अशा रीतीने माझे पाऊल बोटीवर पडले. मी कठड्याला धरून पुढच्या बाजूस उभी राहिले आणि गजेंद्रने तीन वेळा सांगूनही बसले नाही. समुद्र तेलासारखा सपाट होता. जमीन हळूहळू बारीक रेघ झाली आणि मग नाहीशी झाली. चारी दिशांना पाणी असले की माणूस नेमके कुठे पाहतो, हा प्रश्न मी यजमानांना कधीच विचारला नव्हता. उत्तर असे की कुठेही पाहत नाही. नुसता उभा राहतो.

दीड तासाने रियाजने वेग कमी केला. ज्ञानदा टपावर चढून दुर्बिणीतून पाहत होती. दूर क्षितिजावर तेलविहिरींचे सांगाडे पुसट दिसत होते. पाण्यावर एके ठिकाणी बारीक लाटांचा पट्टा होता, जणू तिथे तेवढाच पाऊस पडत होता.

"अंडी," ज्ञानदा वरून म्हणाली. "ट्युना अंडी घालतात ना, ती तरंगतायत. तेच खायला येतात ते. आजी, डावीकडे बघ. डावीकडे."

मी पाहिले. आधी पाठीवरच्या पराचा एक सुळका दिसला, त्यामागे खूप अंतरावर शेपटीचा दुसरा. मधली जागा काळी होती आणि ती जागा हलत होती. मला समजायला क्षणभर लागला की हे दोन मासे नव्हेत; हा एकच. तो संथपणे आमच्याकडे वळला. पाण्याखालून ठिपके वर आले, आधी दोन-चार, मग शेकडो.

यानंतर मी जे केले ते माझ्या हाताने केले. विचार त्यात नव्हता. साक्षात दर्शन होत आहे आणि समुद्राला मी अजून नारळ दिलेला नाही, एवढेच मनात आले. पिशवीतून नारळ काढला, कपाळाला लावला. आमच्याकडे नारळ वाकून, ओंजळीने पाण्यात सोडतात. इथला कठडा माझ्या छातीएवढा होता. मी नारळ वरूनच टाकला.

मोठा आवाज झाला. माशाच्या तोंडापासून हातभर अंतरावर पाणी उडाले. त्याने ना घाई केली ना वळसा घेतला. जिना उतरावा तसा तो खाली उतरत गेला, ठिपके एकेक विझले आणि पाणी कोरे झाले.

"आजी," ज्ञानदा म्हणाली. तेवढेच. ती वरून खाली आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. त्या माशाच्या डाव्या कुशीचा फोटो तिला हवा होता. प्रत्येकाच्या ठिपक्यांची मांडणी निराळी असते आणि त्यावरून ते ओळखले जातात, हे ती मला आठवडाभर सांगत होती.

"आई, मी तुला सांगितलं होतं, आत ठेव," गजेंद्र म्हणाला.

"तू बंदरात सांगितलं होतंस."

"म्हणजे समुद्रात टाकायचा?"

"नारळ समुद्रात नाही टाकायचा तर कुठे टाकायचा?"

रियाजने इंजिन बंद केले. तो सुकाणू सोडून आमच्यापाशी आला.

"नारळ कोणी टाकल्यान?"

माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिले, नातीने पाण्याकडे. त्या दोघांसमोर मी आजवर कोणाला जाब दिलेला नव्हता. परंतु हे काही घर नव्हते. बोटीवरचा नारळ तांडेलाच्या हातून जातो, तांडेलाला विचारल्याशिवाय पाण्यात काडीही पडत नाही, हे मला रियाजपेक्षा अधिक ठाऊक होते. आमच्या ट्रॉलरवर एकदा माझ्या दिराने तांडेलाला न विचारता जाळे सोडले, तेव्हा त्याला महिनाभर किनाऱ्यावर बसवले ते मीच.

"मी टाकला," मी म्हटले. "तांडेल, चूक माजी झाली. तू सांगशीत तसा."

गजेंद्रने मान वर केली. हे वाक्य त्याने माझ्या तोंडून कधी ऐकले नव्हते, मीही नव्हते.

रियाजने पाण्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे. "तास दीड तास वाट बघूया. इंजिन बंद. पावलांचो आवाज नको. कोणी बोलाचा नाय." मग तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुमी पण."

ज्ञानदाला हसू आले, ते तिने हाताने झाकले. मी काही बोलले नाही, कारण तसा हुकूम होता.

तो सव्वा तास मला नीट आठवतो. सावलीचे कापड ताणलेले होते, तरी त्याच्याखाली ऊन झिरपत होते. गजेंद्र माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले आहेत, हे मी त्या दिवशी पाहिले. एरवी त्याच्याकडे पाहताना मी बोलत असते. त्याने न विचारता माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, मी घेतली. ज्ञानदा कॅमेरा मांडीवर ठेवून बसली होती. थोड्या वेळाने ती सरकत आली आणि तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले. माझ्या मनात तीन-चार सूचना आल्या, बोटीच्या साफसफाईबद्दल, दोरी गुंडाळण्याच्या पद्धतीबद्दल. त्या आल्या आणि गेल्या.

मग रियाजने नुसते बोट वर केले.

या वेळी लाटांचा पट्टा आमच्या दिशेने सरकत होता आणि त्यात तीन सुळके होते. रियाजने पिंजऱ्याकडे हात दाखवला. तो ॲल्युमिनियमचा, माणूसभर उंचीचा, बोटीच्या कुशीला बांधलेला आणि अर्धाअधिक पाण्यात बुडालेला. मी साडी सोडून ज्ञानदाच्या हातात दिली, काच डोळ्यांवर चढवली, नळी दातांत धरली. गजेंद्रने माझा डावा हात धरला, रियाजने उजवा, आणि एकेक पायरी करून मी उतरले. पाणी कोमट होते. छातीपर्यंत आले तेव्हा पाय हलके झाले. मी भ्याले, हे लिहून ठेवायला हरकत नाही. मग दांडी घट्ट धरली आणि तोंड पाण्यात घातले.

हिरवट उजेड. त्यात उन्हाच्या तिरप्या रेषा, आणि रव्यासारखे तरंगणारे कण; तीच अंडी. माझ्या श्वासाचा नळीतून येणारा आवाज. बाकी काही नाही.

मग त्या उजेडात एक तोंड आले. सरळ समोरून येत होते, म्हणून मासा दिसतच नव्हता. नुसते तोंड, आमच्या घराच्या दारासारखे रुंद आणि उघडे. आत दात नव्हते, अंधार होता, आणि कण त्यात जात होते. पिंजऱ्यापासून दोन हातांवर त्याने किंचित अंग वळवले. तोंडाच्या कोपऱ्यात एक डोळा होता, लिंबाहून लहान. तो माझ्यावरून फिरला. त्याने मला पाहिले असे मी म्हणणार नाही. त्याने मला ओलांडले.

त्यानंतर अंग येऊ लागले आणि ते येतच राहिले. कल्ल्यांच्या पाच चिरा. मग ठिपके, ओळीने, मधूनमधून आडव्या रेघा. कोणीतरी बसून, न चुकता काढल्यासारखे. पोटाखाली चिकटलेले लहान मासे. मी हात बाहेर काढला नाही, पण बोटे सरळ झाली, हे खरे. पिंजरा कशासाठी आहे ते कळले. शेवटी शेपटी आली, उभी, माझ्याहून उंच, आणि तिच्या एका हेलकाव्याने पिंजरा पाळण्यासारखा झुलला.

मी डोके वर काढले. वर तिघेही माझ्याकडे पाहत होते.

"आजी, दिसला?" ज्ञानदा कुजबुजली. "मला डावी बाजू मिळाली. अख्खी मिळाली."

मी मान हलवली आणि पुन्हा तोंड पाण्यात घातले. त्या दिवशी सहा मासे आले. रियाजने मला बोलावून बोलावून शेवटी "खलास, मावशी" म्हटले, तेव्हा माझ्या बोटांच्या सुरकुत्यांवर सुरकुत्या चढल्या होत्या.

परतीच्या वाटेवर इंजिन पुन्हा सुरू झाले, म्हणजे बोलण्याची मुभा होती. मी कोरडी साडी नेसून बसले. सुनीतीने दिलेला डबा उघडला. आंबोळ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. रियाजला पहिली दिली. मग मीच सांगितले, सरळ, सर्वांसमोर.

"तुझे वडील नव्वद साली हाच मासा पाहून आले होते. मी त्यांना बंदरावर खोटं पाडलं. ते खरं बोलत होते."

गजेंद्र आंबोळीचा तुकडा मोडत होता. तो मोडतच राहिला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"मी बोटीवर होतो, आई."

मी आठवून पाहिले. तेव्हा तो अठरा वर्षांचा, कॉलेजला सुट्टी होती, वडिलांबरोबर जात असे. परंतु त्या सकाळी मला फक्त यजमान आठवत होते आणि माझा स्वतःचा आवाज.

"मी त्यांच्या मागेच उभा होतो, जाळं घेऊन. मी पण बघितला होता. तो खालून गेला तेव्हा बोट अशी वर उचलल्यासारखी झाली."

"मग तू तिथे बोलला का नाहीस?"

"तुझ्यासमोर?" गजेंद्र म्हणाला.

ज्ञानदा मोठ्याने हसली. रियाजने तोंड समुद्राकडे फिरवले, पण त्याचे खांदे हलत होते. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, तो आला नाही. चौपन्न वर्षांचा माझा मुलगाही हसत होता, आणि हसताना घाबरत नव्हता.

"आणि नंतर? पस्तीस वर्षं होती तुला."

"बाबांनीच सांगितलं होतं. तिथेच, बोटीवर. म्हणाले, तू काही बोलू नकोस, तुझ्या आईला मी सांगणार." त्याने आंबोळीचा तुकडा खाली ठेवला. "येताना सगळी वाट ते मनात जुळवत होते, कसं सांगायचं ते. दोनदा मला म्हणून दाखवलं."

मी पाण्याकडे पाहिले. ज्ञानदाने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटले असावे की मला उन्हाचा त्रास होतो आहे. तसे काही नव्हते. आपल्याला एखादी गोष्ट सांगण्यासाठी एक कमी बोलणारा माणूस मालवणपर्यंतची सगळी वाट तयारी करत आला होता, हे या वयात का होईना, कळले. दुःख होते, पण दुःखापेक्षा अधिक असे काहीतरी होते. ते मला नको होते असे नाही.

"काय म्हणून दाखवलं?" मी विचारले.

"आता सगळं कुठे आठवतंय."

"जेवढं आठवतं तेवढं. पहाटे बोट सुटली तिथपासून सांग."

गजेंद्रने हात पुसले आणि सांगायला लागला. त्याला गोष्ट सांगता येत नाही. मधली गोष्ट आधी सांगतो, माणसांची नावे चुकवतो. त्या वर्षी आमच्या ट्रॉलरवर नसलेला एक माणूस त्याने दोनदा बोटीवर चढवला. रुवैसचा किनारा रेघेसारखा दिसू लागला, जाड झाला, त्यावर दिवे आणि बोटींचे खांब उमटले, तरी त्याच्या गोष्टीतला मासा अजून बोटीखाली पोहोचायचा होता. मी त्याला एकदाही दुरुस्त केले नाही. रियाजनेही, मी न सांगता, वेग कमी केला.